गच्चीवर न घातलेलं नाव

आमच्या जाफराबादच्या वाचनालयात पाहुणे आले की मी त्यांना नव्या खोलीत नेतो. नवी म्हणजे आता तीही म्हातारी झाली, पण जुनीच्या मानाने नवी. वर बघा म्हणतो. चुन्याची गच्ची आहे, इतके पावसाळे गेले, आत थेंब आला नाही. ही कुणी चोपली, असं त्यांनी विचारावं अशी माझी अपेक्षा असते. ते पंखा का बंद आहे ते विचारतात. पंखा बिघडलाय म्हणून बंद आहे. मग मला राग येतो, आणि कुणी विचारो न विचारो, मी सगुणाबाईंची गोष्ट सांगायला बसतो.

सगुणाबाई चोपणीवाल्या होत्या. हा धंदा आता राहिला नाही म्हणून सांगावं लागतं. लाकडी तुळयांवर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर चुना आणि विटांचा चुरा कालवून जाड थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच बायकांनी ओळीने उकिडवं बसून लाकडी चोपण्यांनी चोपायचा. दिवसचे दिवस चोपायचा. एकीचा हात पुढे, एकीचा मागे झाला की चुना तडकतो, म्हणून सगळ्यांचे हात एका तालात पडावे लागतात, आणि ताल राहावा म्हणून गाणं लागतं. गाणं सांगणारी एक, बाकीच्या मागून म्हणणार. आमच्या भागात गाणं सांगायच्या त्या सगुणाबाई.

घर शेतकऱ्याचं. नवरा लवकर गेला, जमीन दिरांनी ओढली आणि सगुणाबाई पोराला काखेत मारून चोपणीवर आल्या. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की नदीपलीकडची म्हैस मान वळवायची. घरमालकांना त्या कस्पटासमान लेखत. कुणी घाई केली की म्हणायच्या, घाई असेल त्याने पत्रे टाकून घ्यावेत. पुस्तकांविषयी त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. पण मुलगा रामकिसन शिकला, वाचनालयाचा कारभार बघू लागला, तेव्हापासून रस्त्याने जाताना त्या वाचनालयाच्या ओट्यावर चढून आत एकदा बघून जायच्या. काय बघायच्या ते त्यांनाच ठाऊक. मला वाटतं, पोरगं सावलीत बसलेलं बघायच्या.

मीही तेव्हा वाचनालयाच्या कमिटीवर होतो. कमिटीवर म्हणजे, सतरंजी झटकायला आणि अध्यक्ष बोलताना मान हलवायला कुणीतरी लागतं, तो मी. अध्यक्ष धर्मराजशेठ, कापसाचे अडते. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

वाचनालय म्हणजे एक खोली. वरचं मातीचं माळवद गळायचं, कपाटांना वाळवी लागलेली, आणि वर्तमानपत्र आलं की वाचणारे आत मावायचे नाहीत, ओट्यावर, रस्त्यावर उभे राहून वाचायचे. निजामाच्या राज्यात चार माणसं एकत्र उभी राहून मराठी वाचतात ही गोष्ट पोलीस ठाण्याला खपत नसे. शेजारी एक खोली वाढवायची आणि जुनीचंही छत बदलायचं, असं शेवटी ठरलं. शेठजींनी दुरुस्तीची म्हणून परवानगी काढली. पायाच्या दिवशी मात्र शेठजी जेवायला बसले ते उठेनात. मुहूर्त टळायला लागला तसा गवंडी नजीर म्हणाला, कुणीतरी दगड ठेवा. रामकिसनने ठेवला. शेठजी ढेकर देत आले तेव्हा पाया पडलेला होता. पुढे वर्षभर त्यांनी रामकिसनशी सरळ तोंडाने बात केली नाही.

पायाचा पहिला दगड कुणाचा, याला आमच्याकडे फार महत्त्व. त्याचं कारण पुन्हा चोपणीच. गच्चीच्या शेवटच्या दिवशी बायका गाण्यात नावं घालतात. ज्यांचे हात त्या घराला लागले त्या सगळ्यांची नावं, आणि शेवटचा कोपरा चोपताना ज्याने पाया ठेवला त्याचं. म्हणजे गच्ची त्याच्या डोक्यावर सावली धरते. नियम दोन. मेलेल्या माणसाचं नाव घालायचं नाही, कारण छत जित्यासाठी असतं. आणि जित्या माणसाचं नाव गाळायचं नाही. गाळलं तर गच्ची त्याला खाते. आता तुम्ही हसाल. मीही हसायचो.

नजीरने भिंती खांद्याएवढ्या आणल्या आणि सत्तेचाळीस साल उजाडलं. पलीकडे वऱ्हाडात झेंडे लागले, मिरवणुका निघाल्या. आमच्याकडे नुसत्या बातम्या, आणि त्यासुद्धा चोरून. इथून वऱ्हाडाची हद्द जवळ. रामकिसन नदी ओलांडून जायचा आणि बंदी असलेली वर्तमानपत्रं अंगाला गुंडाळून आणायचा. सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणजे ठाण्यालाही कळायला वेळ लागला नाही. त्याच्या नावाचं वॉरंट निघालं, तो घरी झोपायचा बंद झाला, आणि आमच्या भिंती तशाच उघड्या पावसाळाभर भिजल्या. दिवाळीनंतर शेठजींनी खटपट करून काम पुन्हा सुरू केलं. तुळया चढल्या, फळ्या पडल्या. नजीरने गावाबाहेर स्वतःची भट्टी लावून चुना भाजायला घेतला.

त्याच सुमारास, एका संध्याकाळी दिवेलागणीच्या आत, नदीवर गोळी झाडली गेली. शिपायांनी येऊन सांगितलं की एक जण पाण्यात पडला. सकाळी डोहाच्या काठावर वर्तमानपत्रांचा ओला गठ्ठा सापडला आणि एक चप्पल. चप्पल रामकिसनची होती. डोह ढवळून काढला, पण मढं हाती लागलं नाही.

रामकिसनची बायको उषाबाई तेव्हा वीसच्या आतबाहेरची. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मढं नाही म्हटल्यावर तिने कुंकू पुसलं नाही. बायका येऊन बसायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि उठून जायच्या. सासूसारखीच तीही चोपणीवर होती. सासू दिवसभर गप्प आणि रात्री गप्प. गावाला वाटलं, म्हातारीचा आवाज गेला.

आवाज गेला नव्हता. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सगुणाबाई चुना विझवायला भट्टीवर गेल्या, तेव्हा नजीरने त्यांना भट्टीशेजारच्या सरपणाच्या खोपटाकडे नेलं आणि दाराशीच थांबवून हळूच सांगितलं.

"बाई, पोरगं जिंदा हाय. गोळी मांडीतून पार गेली. पण कुणाला बोलायचं न्हाई. घरातबी न्हाई."

सगुणाबाईंनी एवढंच विचारलं की भाकर खातोय का. मग त्या आत गेल्या.

ह्या नजीरचं काय सांगावं. त्या दिवसांत रजाकारांची माणसं त्याच्या दारावर येऊन विचारून गेली होती, की हिंदूंच्या कुतुबखान्याच्या, म्हणजे वाचनालयाच्या, भिंती तू कशाला बांधतोस. त्याने सांगितलं, मी भिंती बांधतो, आत काय ठेवायचं ते मालक बघतो. रामकिसन सरपटत त्याच्या भट्टीपाशी आला तेव्हा त्याने त्याला उचलून लाकडांमागे टाकलं. त्याची बायको नूरबी कडुलिंबाच्या पाण्याने जखम धुवायची. अमीन, म्हणजे आमच्या ठाण्याचा फौजदार, एकदा भट्टीवर येऊन गेला. चुन्याच्या धुराने त्याचे डोळे चुरचुरले आणि नजीरवर त्याला संशयही नव्हता. तो बाहेरूनच परतला.

उषाबाईला सांगायचं की नाही, हा प्रश्न सगुणाबाईंना पडलाच नाही. नाही सांगायचं. पोरगी साधी. आनंद झाला की तिच्या चालीत दिसायचा. नदीवरून पाणी घेऊन येताना ती हसली असती, एखाद्या दिवशी जास्त जेवली असती, भट्टीच्या वाटेकडे नुसतं बघितलं असतं, तरी अमीनाला पुरे होतं. म्हणून सासूने सुनेला काही सांगितलं नाही आणि रोज चुन्याच्या टोपलीत फडक्याखाली भाकरी लपवून भट्टीवर नेऊ लागली.

आता आमच्या कामाचं बघा. जोवर चुना लागतो आहे तोवर सगुणाबाईंना भट्टीवर जायला कारण होतं. जोवर भट्टी पेटलेली आहे तोवर खोपटात कुणी डोकावत नव्हतं. गच्ची पुरी झाली की भट्टी विझणार, सरपण उचलणार, आणि पोरगं उघड्यावर. इकडे नदीचे सगळे उतार शिपायांनी धरलेले. अमीनाला मढं मिळालं नव्हतं, त्यामुळे तो पहारा काही उठवत नव्हता. रामकिसनला नीट उभंही राहता येत नव्हतं.

म्हणून सगुणाबाईंनी गच्ची लांबवायला घेतली. जुन्या खोलीची चोपून झाली, ती रीतसर झाली. नवीची झालीच नाही. थर दिला, चोपला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कान लावून सांगितलं की बसला नाही, पुन्हा पाणी मारा. पुन्हा चुना धरावा म्हणून गुळाचं पाणी, पुन्हा चोपणी. मग म्हणाल्या, ह्या खेपेचा चुना कच्चा आहे, नवा आणा. शेठजी खाली रस्त्यावर उभे राहून ओरडायचे की राजवाडा बांधताय का. त्यांना संक्रांतीनंतर लगेच उद्घाटन करायचं होतं, तहसीलदाराला बोलावायचं होतं. मी मध्ये पडायला गेलो तर सगुणाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी सतरंजी झटकायला निघून गेलो. आज कुणी ह्या गच्चीचं कौतुक करतं ना, तेव्हा त्याने हे लक्षात घ्यावं. एवढी चोपलेली गच्ची निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरी नसेल, आणि ती आमच्यासाठी चोपलेली नव्हती.

गाणं मात्र सुरुवातीपासून बंद होतं. दहा बायका एके ठिकाणी जमून गातात, ह्याला ठाण्याची परवानगी नव्हती. त्या नुसत्या हुं हुं करत ताल धरायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते ऐकवत नसे.

आणि मग एके दिवशी शेठजी ठाण्यातून उड्या मारतच आले. अमीनसाहेबांनी शेवटच्या दिवसाला गाण्याची परवानगी दिली. नुसती परवानगी नाही, रीतीप्रमाणे व्हावं, नावं घालावीत, आम्हीही ऐकायला येऊ, असं म्हणाले. शेठजींना वाटलं, आपल्या बोलण्याची जादू. त्यांनी अमीनासाठी गच्चीवर खुर्ची चढवायचं ठरवलं आणि शेवटचा दिवसही तिथल्या तिथे ठरवून टाकला, परवाचा. सगुणाबाईंना विचारलंच नाही. आम्ही कमिटीवाले सगळे खूष होतो. इतकी बेअक्कल माणसं एका ठिकाणी जमवायला कष्ट पडतात, पण आमच्याकडे ती आपोआप जमली होती.

हा अमीन मूर्ख नव्हता. हळू बोलणारा, शेरोशायरीचा शौकीन. दोन वर्षांपूर्वी त्याच्या राहत्या घराची गच्ची ह्याच बायकांनी चोपली होती. तेव्हा त्याने विचारलं होतं की माझ्या वालिदांचं नाव का घातलं नाही. बायकांनी सांगितलं होतं, साहेब, ते गेलेले आहेत, गेलेल्याचं घालत नाहीत. ते त्याने लक्षात ठेवलं होतं. वाचनालयाचा पाया रामकिसनचा, हेही त्याला माहीत होतं. शेवटच्या कोपऱ्यावर त्याचं नाव आलं तर तो जिवंत, आणि आईला माहीत आहे म्हणजे जवळच कुठेतरी. आलं नाही तर मेला.

सगुणाबाईंना हे कुणी समजावून सांगायला नको होतं. आदल्या दिवशी त्या भट्टीवर गेल्या तेव्हा नजीर चुना चाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"अमीन उद्या गाणं ऐकायला न्हाई येऊन राह्यला," तो म्हणाला. "नाव ऐकायला येऊन राह्यला."

"जित्याचं नाव गाळू, नजीरभाऊ? माज्या तोंडानं?"

"पोरगं तुमचं हाय. तुमी ठरवा. माझ्याबी घरात लेकरं हायेत, येवढं ध्यानात ठेवा."

सगुणाबाई खोपटात गेल्या. रामकिसन भिंतीला धरून उभा राहायचा सराव करत होता. त्याला त्यांनी काही सांगितलं नाही. त्याने विचारलं, माय, उषा कशी आहे. बरी आहे म्हणाल्या. भाकरी दिली आणि तो खाईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या. हे त्यांनी मला पुढे स्वतः सांगितलं. म्हणाल्या, गोळीला मी भ्याले नव्हते, पण त्या नावाला भ्याले. आयुष्यभर ज्या नियमाने दुसऱ्यांची घरं राखली, तो नियम आपल्या पोरावर उलटवायचा, आणि तो खरा ठरला तर? त्यांची ती भीती खरोखरची होती. मी त्यांना म्हणालो होतो की असं काही नसतं. तुला पोरगं नाही, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका ओळीने बसल्या. नवी खोली लहान, त्यामुळे ओळही लहान. सगुणाबाई टोकाला, त्यांच्या शेजारी उषाबाई. अमीन आला, खुर्चीवर बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. शेठजी त्याच्या मागे उभे, मी शिडीपाशी. खाली रस्त्यावर बरीच माणसं जमली होती. त्यांनाही कळलं होतं की आज नाव पडतं की नाही ते बघायचं आहे.

गाणं सुरू झालं. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकला. तुळया कापणाऱ्या सुताराचं नाव पडलं. दगड वाहणाऱ्या गाडीवानाचं पडलं. नजीरचं नाव पडलं, नूरबीचं पडलं. शेठजींचं पडलं तेव्हा ते अमीनाकडे बघून हसले. माझंसुद्धा नाव पडलं, मला अपेक्षा नव्हती. ओळ मागे सरकत सरकत शेवटच्या कोपऱ्याकडे चालली. आता माझं लक्ष अमीनाकडे गेलं आणि मी चरकलो. तो सगुणाबाईंकडे बघतच नव्हता. तो उषाबाईकडे बघत होता.

उषाबाईच्या चेहऱ्यावर नुसती आशा होती. मी दुसरा शब्द शोधला, पण तोच खरा. ती सासूच्या तोंडाकडे बघत होती, तिचे ओठ अर्धे उघडे होते, हात मात्र तालात पडत होते. तिला वाटत होतं की सासूला काहीतरी ठाऊक असेल. आई आहे, आईला आतून कळतं. नाव पडलं की आपला नवरा आहे.

शेवटचा कोपरा आला. चोपण्या पडत होत्या. सगुणाबाईंनी श्वास घेतला, सगळ्यांना तो ऐकू आला, आणि त्यांनी गाण्यात आकाशाला, चंद्रसूर्याला आणि गावच्या मारुतीला हात जोडले. त्याने गाणं संपतं. पायावाल्याचं नाव न घेता त्यांनी गाणं संपवलं आणि चोपणी खाली ठेवली.

बायकांनी मागून म्हणायचं होतं, कुणी म्हटलं नाही. उषाबाईचा हात तसाच एकदा, दोनदा चोपत राहिला. मग तिने विचारलं, "आत्याबाई?" सगुणाबाई वळल्या नाहीत. तेव्हा त्या पोरीने जो हंबरडा फोडला, तो मी अजून ऐकतो. ती ओल्या चुन्यावरच कोसळली. चुन्याने तिचे तळहात भाजले होते, ते कुणाच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली.

अमीन उठला. त्याने टोपी घातली नाही, हातातच धरली. शेठजींना हळू आवाजात अफसोस म्हणाला आणि शिडीवरून माझ्या शेजारून उतरून गेला. खरं सांगतो, त्याचा चेहरा उतरलेला होता. दुपारपर्यंत नदीवरचे शिपाई माघारी आले.

बायकांनी उषाबाईला नदीवर नेलं. तिच्या बांगड्या फोडायला एक म्हातारी पुढे झाली, तिला सगुणाबाईंनी बाजूला केलं. म्हणाल्या, मीच करते. त्यांनी दगड घेतला आणि आपल्या जिवंत पोराच्या बायकोच्या बांगड्या आपल्या हाताने फोडल्या. एक काच तिच्या मनगटात घुसली, ती त्यांनी दाताने ओढून काढली. बायकांना त्यात माया दिसली. काहींना कठोरपणा दिसला. मला काय दिसलं असतं कोण जाणे, मी तिथे नव्हतो.

तिसऱ्या दिवशी भरदिवसा नजीरने उरलेल्या चुन्याची पोती गाडीत भरली आणि वऱ्हाडातल्या एका गिऱ्हाइकाला पोचवतो म्हणून निघाला. पोत्यांखाली फळी आणि फळीखाली रामकिसन. नदीच्या उतारावर कुणीही नव्हतं. भट्टी विझली.

आता तरी सांगायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण त्यानंतरचे महिने ज्यांनी काढले त्यांना विचारा. रजाकारांची गस्त वाढली, आजूबाजूची गावं लुटली गेली, माणसं रात्रीत नाहीशी होऊ लागली. एक शब्द बाहेर पडला असता तर नजीरचं घर राहिलं नसतं. सगुणाबाई रोज संध्याकाळी ठरवायच्या की आज सांगते. पांढऱ्या कपाळाची पोरगी समोर बसून भाकरीचा तुकडा नुसता कुस्करायची. त्यांच्या ओठापर्यंत यायचं आणि त्या उठून चुलीतली लाकडं मागेपुढे करायच्या. उन्हाळा गेला, पावसाळा आला. शेठजींचं उद्घाटन राहिलं ते राहिलंच. नवी खोली कुलपातच होती. पहिल्या मोठ्या पावसात मी कुलूप काढून आत गेलो आणि शिडीवर चढून छताला हात लावून बघितला. कोरडं होतं.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं पालटलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. तेव्हा आणखीही काही झालं, सूड उगवायला निघालेली माणसं आमच्यातही निघाली, आणि नजीरच्या दाराशी सगुणाबाई चोपणी घेऊन बसल्या म्हणून ते घर वाचलं. मग एका सकाळी वऱ्हाडच्या वाटेने रामकिसन लंगडत आला.

गाव धावलं. मी धावलो. उषाबाई अंगणात भांडी घासत होती. तिने त्याला बघितलं, तशीच उभी राहिली, हातातला राखेचा काथ्या खाली पडला. आम्हाला वाटलं ती पडेल, रडेल, काहीतरी करेल. ती त्याच्याकडे गेलीच नाही. ती दारात उभ्या असलेल्या सासूकडे वळली. सुनेचं आनंदलेलं तोंड सासूने पाहिलं, सासूच्या तोंडावर आश्चर्य अजिबात नाही हे सुनेने पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"तुमाला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

सगुणाबाईंनी हो म्हणून मान हलवली.

"मला सांगितलं असतं तर मी रडले नसते का, आत्याबाई? तुमाला पाहिजे तसं रडले असते. अमीन गेला असता तसाच."

सगुणाबाईंकडे उत्तर होतं. अमीन तुझ्याकडेच बघत होता, माझ्याकडे नाही, हे त्यांना सांगता आलं असतं. तुझं रडणं खरं होतं म्हणून तो गेला, हे सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण त्या खाली पडलेला काथ्या उचलून उरलेली भांडी घासायला बसल्या. मला विचाराल तर दोघींचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच त्यात कुणाला काही करता आलं नाही.

रामकिसन पुन्हा वाचनालयात बसू लागला. नव्या खोलीचं कुलूप निघालं, कपाटं आत गेली, बाक आले, लोक आत बसून वाचू लागले. घरात भांडण कधी झालं नाही. उषाबाईने सासूला काही कमी पडू दिलं नाही. सकाळचं गरम पाणी, गुडघ्यांना तेल, दात हलायला लागले तसं दुधात कुस्करलेली भाकरी, सगळं वेळेवर. फक्त सांगणं बंद झालं. माहेरी जायची तर नवऱ्याला सांगायची, शेजारणीला सांगायची. ताप आला तर नूरबीला सांगायची. सासूने विचारलं तर उत्तर द्यायची, नीट द्यायची, पण आपणहून एक शब्द नाही.

पुढच्या साली एक दिवस नूरबी वाटेत सगुणाबाईंना भेटली आणि हसून म्हणाली, नातू झाल्यावर मला काय देणार ते आताच सांगा. सगुणाबाई थबकल्या. मग त्याही हसल्या आणि म्हणाल्या, मला म्हाईत हाय की, तुला नवं लुगडं देईन. नूरबीला तेव्हा काही कळलं नाही. सुनेला दिवस गेल्याचं सासूला आपल्याच तोंडून कळलं, हे नंतर कळलं तेव्हा ती माझ्यापाशी येऊन रडली, म्हणून मला ठाऊक.

तिथून सगुणाबाई घरी गेल्या. उषाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या. सुपातले खडे त्यांनीही उचलायला घेतले आणि बराच वेळ, ती आपणहून काही सांगते का, याची वाट बघत राहिल्या. तांदूळ संपले तशी उषाबाई सूप घेऊन उठली. भाकरी आता खाणार का मागून, एवढंच तिने विचारलं.